पाचशे वर्षांचं सुतक

खोली भाड्याने देण्याआधी सरांनी माझ्याकडे पगाराची स्लिप मागितली नाही, आधीच्या घरमालकाचं पत्र मागितलं नाही, मी सिगारेट ओढतो का हेही विचारलं नाही. ऑकलंडच्या ओटाहुहु भागातल्या त्यांच्या जुन्या लाकडी घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी मला नेलं, भिंतीवरच्या एका चित्रासमोर स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "काय दिसतं?"

चित्र माझ्याहून उंच होतं. मागे सगळा सोनेरी रंग. मध्ये निळ्या वस्त्रातली एक बाई आणि तिच्या मांडीवर आडवा पडलेला, जवळजवळ उघडा पुरुष. पुरुषाचं अंग हिरवट. बाईचा चेहराही हिरवट. पायाशी बसलेला एक माणूस आणि एक कवटी. मी परतूरच्या शाळेत शिकलेला मुलगा. मेलेल्या माणसाचं चित्र कुणी बैठकीच्या खोलीत लावतं, हेच मला झेपेना. आमच्याकडेही गेलेल्यांचे फोटो लावतात, पण ते जिवंतपणीचे असतात, इस्त्रीच्या शर्टातले.

"सर, येशू," मी म्हणालो.

"ते तुला माहीत आहे. दिसतं काय?"

"एक बाई. तिच्या मांडीवर तिचा मुलगा. तो गेलाय."

"बाई रडतेय?"

मी स्टुलावरून उठून जवळ गेलो. "नाही."

"गुरुवारी सामान घेऊन ये," सर म्हणाले. "स्वीट अ‍ॅज." म्हणजे इथल्या बोलीत, झकास.

माझ्याआधी आलेल्या मुलाने "व्हेरी ब्यूटिफुल आर्ट, सर" असं उत्तर दिलं होतं. त्याला सरांनी अत्यंत प्रेमाने बसस्टॉपपर्यंत सोडून दिलं होतं.

ही २०१३ सालची गोष्ट. सरांच्या घरात मी साडेतीन वर्षं राहिलो आणि त्या काळात त्यांनी मला इतके वेळा हादरवलं की त्याची मला सवय झाली असं मी समजत होतो. ती झाली नव्हती. शेवटचा हादरा, ते घर सोडल्यानंतरचा, माझ्या आईशी आणि माझ्याशी संबंधित आहे. मी बाबांच्या अंत्यविधीला गेलो नव्हतो, आणि त्याबद्दल आई माझ्याशी तीन वर्षं एक अक्षर बोलली नव्हती. ती बोलली ती सरांच्या स्वयंपाकघरात. म्हणून हे लिहितो आहे.

सर मूळचे वसईचे, मराठी शाळेत शिकलेले ख्रिस्ती. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होतं. कधीतरी तरुणपणी न्यूझीलंडला आले, ऑकलंडच्या एका शाळेत मुलांना चित्रकलेचा इतिहास शिकवत राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले. लग्न केलं नाही. बारा महिने पांढरा शर्ट, टाय आणि पायात जँडल्स, म्हणजे आपल्या साध्या रबरी चपला. थंडीत टायवर स्वेटर चढायचा, पायांत काही बदल नाही. एकदा मी न राहवून विचारलं, तर म्हणाले, "टाय समोरच्या माणसासाठी असतो. पाय माझे आहेत."

ते चित्र म्हणजे मुळाबरहुकूम आकारात छापून घेतलेली प्रत होती. मूळ चित्र इटलीतल्या एका डोंगरावरच्या गावात, तिथल्या चर्चमध्ये आहे. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी लाकडी फळीवर काढलेलं. चित्रकाराचं नाव कुणालाच ठाऊक नाही, आणि सरांना त्याचं फार बरं वाटायचं. "नाव माहीत असतं तर लोकांनी नाव पाहिलं असतं," ते म्हणायचे.

त्यांना सगळ्याच लोकांबद्दल ही एक तक्रार होती: माणसं बघत नाहीत, लगेच त्यांना काहीतरी वाटायला लागतं. "काय दिसतं ते सांग. काय वाटतं ते नंतर." हे वाक्य त्या घरात दिवसातून पाचदा ऐकू यायचं. नळ गळतोय म्हणून सांगायला गेलं तरी. "नळ बिघडलाय हे तुला वाटतं. दिसतं काय? किती वेळाने थेंब पडतो?" मग आम्ही घड्याळ लावून थेंब मोजायचो.

माझ्या शेजारच्या खोलीत नागपूरचा सचिन राहायचा. त्याला या सगळ्याची भयंकर मौज वाटे. "सर," तो एकदा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "ही बाई लोडशेडिंगमध्ये काढली का? चेहरा हिरवा आलाय."

सर रागावले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला. "साडेसात महिन्यांत तुझा हा पहिला चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले, आणि फ्रिजमधून अंडी काढली.

अंड्यांचं सांगायला हवं. त्या काळचे चित्रकार रंग तेलात नव्हे, अंड्याच्या बलकात कालवत. सर स्वतःही तसेच रंग बनवायचे. बलक एका तळहातावरून दुसऱ्या तळहातावर असा घोळवत न्यायचे की त्याला चिकटलेला पांढरा भाग निघून जाई. मग त्याची नाजूक पिशवी दोन बोटांच्या चिमटीत धरून टोचायची आणि आतला बलक बशीत सोडायचा. उरलेल्या पांढऱ्याचं ऑम्लेट आम्हा भाडेकरूंना. सरांच्या घरात राहिलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, त्याने पांढरं ऑम्लेट आयुष्यभराचं खाऊन घेतलं आहे.

त्या रंगात सर तळहाताएवढ्या फळ्यांवर चेहरे काढायचे. आधी हिरव्या मातीचा थर, त्यावर पांढरा, मग गुलाबी. फळी खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवायची. इथलं ऊन चामडी सोलणारं. दोन-तीन उन्हाळ्यांत गुलाबी रंग उडून जाई आणि खालचा हिरवा वर येई. त्या कट्ट्यावर कायम दहा-बारा चेहरे ओळीने असायचे, काही गुलाबी, काही अर्धवट, काही पार हिरवे. रात्रपाळीहून आलेला एक पाहुणा ते बघून सोफ्यावर न झोपता गाडीत झोपला होता.

"साधेपणा बघ हां त्या चित्रकारांचा," सचिनला म्हणाले होते सर. "जिवंत माणसाला हिरव्यावर गुलाबी थर द्यायचा. मेलेल्याला द्यायचा नाही. बस, एवढाच फरक. ही बाई काढली तेव्हा गुलाबी होती, मुलगा हिरवा होता. पाचशे वर्षांत मेणबत्त्यांचा धूर बसला, लोकांनी पुसपुसून साफ केलं, तिचा गुलाबी निघून गेला. आता बघ. कोण मेलंय ते कळतं?"

त्या दिवशी पहिल्यांदाच सचिनला विनोद सुचला नाही.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बाबा परतूरला एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या तोलायचे. आई चौथी शिकलेली. मला इंग्रजी बोलायची भीती वाटायची, सूट घालायची भीती वाटायची, लिफ्टमध्ये गोऱ्या माणसाशेजारी उभं राहायचीसुद्धा. ऑकलंड शहरातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामासाठी मुलाखत होती, त्याच्या आदल्या संध्याकाळी सरांनी मला चित्रासमोर बसवून तासभर नुसतं बोलायला लावलं. पक्षी दाखवला. कोपऱ्यात काट्याच्या फांदीवर बसलेला, डोक्यावर लाल डाग असलेला छोटासा पक्षी. त्याने म्हणे येशूच्या कपाळातला काटा उपटला आणि रक्ताचा थेंब त्याच्या डोक्यावर पडला. कवटी दाखवली, ती पहिल्या माणसाची, आदामाची, ज्याच्यापासून मरण सुरू झालं. आईचे हात दाखवले. ते मुलाच्या अंगाला थेट लागलेले नाहीत, मध्ये तिच्याच वस्त्राचा पदर आहे. "फादर पवित्र वस्तू उघड्या हाताने धरत नाहीत, तसं. ती मुलाला धरते आहे आणि देवालाही. दोन्ही एकाच मांडीवर. आता हे सगळं इंग्रजीत सांग. वाटण्याचा एकही शब्द नको."

दुसऱ्या दिवशी मुलाखतीत मला एक बिघडलेला प्रोग्रॅम दाखवून विचारलं, यात काय चूक आहे? मी आधी काय दिसतं ते सांगितलं. नोकरी लागली. ती मुलाखत माझी नव्हती, सरांची होती असं मी आजही मानतो. या उपकारांपुढे मी फार लहान माणूस आहे, आणि हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्यांच्यावर ओरडलो ते सांगायचं आहे.

सर दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जात, पण फादरांना त्यांची धास्ती असे. गुड फ्रायडेच्या एका प्रवचनात फादर पवित्र मरियेच्या अश्रूंबद्दल फार कळवळून बोलले. बाहेर पडताना सरांनी त्यांना दारातच गाठलं. माझा ख्रिस्ती धर्माशी संबंध नाही, मी फक्त गाडी चालवायला गेलो होतो.

"फादर, तुम्ही तिला रडवलंत."

"अं?"

"शुभवर्तमानात ती रडत नाही. क्रुसापाशी ती उभी होती, एवढंच लिहिलंय. उभी."

फादर सामोआचे, आडदांड आणि प्रेमळ. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "माझी आई असती तर रडली असती."

"तुमची आई रडली असती," सर म्हणाले. "हिने काय केलं ते सांगा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "सर, त्यांना वाईट वाटलं." सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रडणं सोपं असतं म्हणून लोक दुसऱ्यांना रडवतात." असं एखादं वाक्य बोलून ते तासन्‌तास पुस्तकात डोकं घालून बसायचे. ते कशाबद्दल बोलत होते हे मला त्या वेळी कळलं नाही.

बाबा गेले तेव्हा माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष चालू होतं. कामावरून येऊन बूट काढत होतो, तेवढ्यात चुलतभावाचा फोन आला. "काका गेले. पहाटे. छातीत दुखलं अन् दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. तू येतोस का? थांबायचं का तुझ्यासाठी?"

माझा पासपोर्ट व्हिसाच्या अर्जाबरोबर जमा होता. तो मागून घेता आला असता, पण मग अर्जही मागे घ्यावा लागेल असं एजंटने आधीच बजावलं होतं. अर्ज गेला की नोकरी गेली. मी हे सगळं एका श्वासात मनात फिरवलं. मला वाटतं, चार सेकंद लागले असतील. आणि मी म्हणालो, "मला नाही येता येणार. तू अग्नी दे."

फोन ठेवला. पुढच्या खोलीत सर वाचत बसले होते. मी त्यांना सांगितलं. त्यांनी पुस्तक मिटलं, उठले, चित्रावरचा दिवा लावला आणि स्टूल पुढे ओढलं.

"बस. काय दिसतं?"

मला वाटलं त्यांनी ऐकलं नाही. "सर, माझे वडील गेले."

"ऐकलं मी. काय दिसतं ते सांग."

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या शिक्षकावर ओरडलो. काय बोललो ते पूर्ण आठवत नाही. माणूस आहात का दगड, असं काहीतरी. सचिन धावत आला आणि दारातच थबकला. सर हलले नाहीत. स्टुलावर हात ठेवून ते तसेच उभे राहिले. शेवटी मी बसलो.

मला काही दिसलं नाही. निळा रंग दिसला. मी तासभर तसाच बसून होतो आणि सर सबंध वेळ माझ्या शेजारी जमिनीवर बसून होते, टायसकट, मांडी घालून. सांत्वनाचा एक शब्दही ते बोलले नाहीत. उठताना फक्त एवढंच म्हणाले, "तू आज कुठं होतास हे तुला आठवेल. ते फार महत्त्वाचं असतं."

मला ते क्रूर वाटलं. पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

आईशी मात्र रोज बोलायचो. जेवलास का, जेवलीस का, पाऊस आहे का. बाबांचा विषय निघाला की ती म्हणायची, "कुकरची शिट्टी झाली, ठेवते." मी त्याचा अर्थ उघड लावला होता. एकुलता एक मुलगा, बापाला अग्नी द्यायला आला नाही, वर फोनवर चुलतभावाला सांगून मोकळा झाला. ती मला माफ करणार नाही आणि तसं म्हणणारही नाही. मी परतूरला जाऊन आलो तेव्हाही तिने मला भरपूर खाऊ घातलं, आणि बाबांच्या फोटोसमोर मी उभा राहिलो की ती आत जायची.

बाबांच्या जाण्याला तीन वर्षं झाली तेव्हा मी तिला इकडे बोलावून घेतलं. तोवर मी ऑकलंडमध्येच बॉटनी डाउन्सला दोन खोल्यांच्या घरात राहायला आलो होतो. सरांवरचा राग कधीच मावळला होता. महिन्यातून एकदा मी त्यांच्याकडे जायचोच. आईला न्यायचं ठरलं तेव्हा सर मुलासारखे खूष झाले. फ्रूटकेक आणला. नवा टाय घातला.

आई दारातून आत आली, नमस्कारासाठी हात जोडले, आणि चित्र बघून तिचे हात तसेच खाली आले. तिने पदर डोक्यावरून घेतला. सोफ्यावर न बसता भिंतीच्या कडेला, खाली गालिच्यावर बसली.

"वहिनी, वर बसा ना," सर म्हणाले.

तिने नुसती मान हलवली. चहा आला, घेतला नाही. पाणी आलं, घेतलं नाही. मी डोळ्यांनी खुणावत होतो, ती माझ्याकडे बघतच नव्हती. दहा मिनिटं ती तशी बसली, एकदा चित्राकडे आणि एकदा त्यासमोर स्टुलावर बसलेल्या सरांकडे बघत. मग उठली आणि चालू लागली. "येते" म्हणाली नाही. मागे वळूनही पाहिलं नाही. सर हातात केकची बशी घेऊन उभेच.

गाडीत बसल्यावर मी भडकलो. "आई, काय हे? त्या माणसाने माझ्यासाठी काय काय केलंय माहितीये का तुला?"

"त्याच्या घरात माणूस गेलंय, आन् तू मला सांगितलं बी नाहीस," आई म्हणाली. "मी हिरवी साडी नेसून गेले."

मी कपाळावर हात मारला. दुखवट्याच्या घरी ती नेहमी जशी वागते तशीच वागली होती: खाली बसायचं, पाणी घ्यायचं नाही, येते म्हणायचं नाही. "आई, ते चित्र आहे! पाचशे वर्षांपूर्वीचं. तो त्यांचा देव आहे."

"देव असू दे."

"मग? गेलं कुणी नाही तिथं."

"चित्र कुणाचं बी असंल," ती म्हणाली. "सुतक त्या माणसाचं हाय. सुतकातल्या माणसाचं बसणं मला कळतंय."

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. "अरे, आईंच्या बाबतीत माझं काही चुकलं का?"

मी हसत हसत सगळं सांगितलं. मला वाटलं त्यांना गंमत वाटेल. सुतकाचं ऐकून ते थोडं हसलेही. मग मी आईचं शेवटचं वाक्य सांगितलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सर?"

"शनिवारी सकाळी त्यांना घेऊन ये," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

शनिवारी सरांनी टाय घातला नव्हता. मी त्यांना पाच वर्षांत प्रथमच तसं पाहिलं आणि का कोण जाणे, मला भीती वाटली. आई पांढऱ्या सुती साडीत होती. ती पुन्हा खाली बसली. या वेळी सरही तिच्यासमोर खाली बसले आणि तिला चित्र समजावून सांगू लागले. पण आईने त्यांना फार पुढे जाऊ दिलं नाही. पक्षी, कवटी, सोनं यांत तिला रस नव्हता. तिचे प्रश्न वेगळे होते.

"ही आई?"

"हो."

"ह्याचा बाप कुठंय?"

"तो आधीच वारला असावा असं मानतात. चित्रात नाही."

"भाऊबंद?"

"घरचं असं कुणी नाही. तो पायाशी बसलाय तो शिष्य."

"मग माती कुणी दिली?"

"एका श्रीमंत माणसाने. स्वतःसाठी खोदून ठेवलेली कबर त्याने दिली."

"म्हणजे परक्याच्या हातून झालं," आई म्हणाली.

मला वाटलं, आता बाबांचा विषय निघणार. आता ती माझ्याकडे वळणार. पण ती सरांकडेच बघत होती.

"भाऊ, तुमचं कोण गेलं?"

सर लगेच म्हणाले, जणू कुणी हे विचारण्याचीच ते वाट बघत होते, "आई."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मी एकदाही पापणी लववली नसेन. सर तेव्हा चाळिशीचे होते. शाळेतून रजा घेऊन इटलीत चित्रं बघत फिरत होते. त्या डोंगरावरच्या गावात ते उतरले होते तिथं वसईहून भावाचा फोन आला: आई गेली, परवा माती आहे, निघ. दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान मिळत होतं. पैसे होते, पासपोर्ट खिशात होता. निघण्याआधी आईसाठी प्रार्थना करावी म्हणून ते तिथल्या चर्चमध्ये गेले. आणि हे चित्र समोर आलं.

"मी बसलो," सर म्हणाले. "बघत बसलो. विमान गेलं. दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसलो. मी जाणार नाही असं ठरवलं नव्हतं, वहिनी. थांबायचं असंही ठरवलं नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की मी बघणं थांबवलं तर ती मेली हे खरं होईल. तिला खाली ठेवत होते तेव्हा मी त्या पक्ष्याच्या पंखाची पिसं मोजत होतो. सतरा आहेत."

"आन् तुमचा भाऊ?"

"तो पुन्हा माझ्याशी बोलला नाही. मीही कुणाला सांगितलं नाही. आज तुम्हाला."

हा माणूस मी ओरडलो तेव्हा माझ्या शेजारी जमिनीवर बसला होता. मला तेव्हा चार सेकंद लागले होते, त्यांना दोन दिवस. आणि पासपोर्ट खिशात होता.

आईने तोंडाला पदर लावला. "अगं बाई," एवढंच म्हणाली. मला वाटलं ती आता उठून जाईल. मुलगा आईच्या मातीला गेला नाही, यापेक्षा मोठं पाप तिच्या हिशेबात नव्हतं. ती उठलीही. पण दाराकडे न जाता म्हणाली, "मग तुम्हाला घास कुणी घातला?"

"कसला घास?"

"कडू घास. घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही. शेजारीपाजारी भाकरी घेऊन येतेत, बळं बळं खाऊ घालतेत."

"तिथं मला कोण ओळखत होतं?" सर म्हणाले.

"गाडी काढ," आई मला म्हणाली. "घरी चल. ह्यांच्या चुलीवर करता येत नाही."

आम्ही बॉटनी डाउन्सला गेलो. तिने ज्वारीच्या पिठाची पिशवी फोडली, चार भाकरी थापल्या, पिठलं केलं. तासाभरात आम्ही परत ओटाहुहुला. सर आता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसले होते.

"हात धुवा," आई म्हणाली. त्यांनी धुतले. तिने भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि पहिला घास स्वतः त्यांच्या तोंडात घातला. ऐंशीच्या घरातला तो माणूस, ज्याला फादर घाबरत, त्याने लहान मुलासारखं तोंड उघडलं. एक भाकरी खाल्ली. दुसरी खाल्ली. मग आईने आणखी एक ताट काढलं, त्यात भाकरी ठेवली आणि माझ्यापुढे सरकवलं.

"मला नको, आई. हे सरांचं आहे."

"तुझा बी बाप गेलाय," ती म्हणाली. "त्या दिवशी काय खाल्लंस तू?"

मला खोटं सुचलं नाही. "ब्रेड. डेअरीवरून आणला. इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून."

तिने भाकरी मोडली. घास माझ्या हातात दिला. आणि माझ्याकडे न बघता, ताटातल्या पिठल्याकडे बघत, बोलू लागली.

"तुला फोन केला ना त्यानं, तवा आम्ही मसणातून माघारी आलो होतो. आंघोळी बी झाल्या होत्या."

मला कळलंच नाही. "पण त्याने विचारलं, थांबायचं का म्हणून."

"मी सांगितलं त्याला, विचार म्हणून. सगळं उरकल्यावर विचार, तुला विचारलंच नाही असं नको व्हायला. आधी कळलं असतं तर तू कागद फेकून आला असतास. ह्यांनी जन्मभर दुसऱ्याचा कापूस तोलला तुला तिथवर पोचवायला." तिचा आवाज अगदी सपाट होता. "माझ्या पोराला बापाचं तोंड मी दिसू दिलं नाही. मीच. काय तोंडानं बोलायचं तुझ्याशी?"

तीन वर्षं. शिट्टी झाली, ठेवते. फोटोसमोर मी उभा राहिलो की आत जाणं. मी त्या सगळ्याचा अर्थ लावून बसलो होतो, आणि माझ्या नकाराची वाट बघायला तिथं कुणी थांबलंच नव्हतं. मला रागही आला, सुटल्यासारखंही झालं आणि यांतलं आधी काय आलं ते आजही सांगता येत नाही. घास अजून माझ्या हातातच होता.

"आई, तू..."

"आधी गिळ," आई म्हणाली. "मग काय बोलायचं ते बोल."